शिलाई मशीन नको, सातबारा द्या

पोस्ट लांब आहे. पूर्ण वाचायची तयारी असेल तरच सुरू करा. अर्धी वाचून एक जण लिहिणार, 'पत्रकार कोळशाच्या विरोधात गेला', आणि दुसरा लिहिणार, 'पत्रकार कंपनीला विकला गेला'. मागच्या पोस्टवर हे दोन्ही आरोप एकाच संध्याकाळी आले होते, त्यामुळे आता त्याची सवय झाली आहे.

आपल्या जिल्ह्यात सध्या एक नवा शब्द फिरतोय : न्याय्य संक्रमण. नागपूर-मुंबई-दिल्लीहून मंडळी येतात, हॉटेलच्या एसी हॉलमध्ये पडद्यावर आलेख दाखवतात, दुपारी जेवण होतं, ग्रुप फोटो होतो. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. कोळसा आज ना उद्या कमी होणार. तो कमी होताना त्याच्यावर जगणारी माणसं रस्त्यावर येऊ नयेत. बस्स, एवढंच. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. माझं भांडण 'माणसं' या शब्दाशी आहे. आपल्याकडे माणसं मोजायला बसले की पुरुषच मोजले जातात. बाईला 'बाईमाणूस' असं वेगळं म्हणावं लागतं, त्यातच सगळं आलं.

आधी देशाचा हिशेब बघू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. २०२५ च्या मध्यात देशाची निम्मी वीजक्षमता सूर्य, वारा, पाणी, अणू अशा कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची झाली, तीही ठरल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. कौतुक करायला हरकत नाही, करा. पण २०२४-२५ या एकाच वर्षात देशाने पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर कोळसा काढला, हेही तितकंच खरं. क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या शंभर युनिटांतली सत्तरएक अजून कोळशाचीच आहेत. म्हणजे आपल्या दुर्गापूरच्या चिमण्या उद्या सकाळी थंड होणार नाहीत. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आजही २९२० मेगावॉटचं आहे. पण त्याचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच मोडीत निघाले, हेही आपण पाहिलं. कोणी मोर्चा काढला नाही. कुठली परिषद झाली नाही. जुने झाले, बंद झाले.

खाणीला तर हवामान परिषदेची गरजच लागत नाही. कोळसा संपला, तोटा वाढला, पाणी शिरलं, कोर्टाचा निकाल आला, की खाण बंद. बरांजचं उदाहरण आपल्या भद्रावती तालुक्यातलंच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशातले २०४ कोळसा पट्टे रद्द केले, आणि मार्च २०१५ च्या अखेरीला बरांजची खाण थांबली. ती परत सुरू व्हायला २०२० चा शेवट उजाडला. त्या निकालात हवामानाचा ह सुद्धा नव्हता. पण गावासाठी बंद म्हणजे बंद. जमीन तर आधीच गेलेली, वावर खड्ड्यात, वर मातीचा डोंगर, आणि मधली पाच-साडेपाच वर्षं खाण ना चालू ना गाव मोकळं. परळीतही तेच. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. केंद्रात मजुरी करणाऱ्याने त्या उन्हाळ्यात काय केलं, याचा सरकारी अहवाल मी तरी पाहिला नाही.

म्हणून 'कोळसा बंद होऊ देणार नाही' अशी भाषणं ठोकणाऱ्या नेत्यांना माझा साधा प्रश्न आहे. बंद होणं तुमच्या हातात आहे का? नाही. मग बंद झाल्यावर काय, याची तयारी करणं तुमच्या हातात आहे. ती करा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

एखाद्या खाणीवर किती घरं जगतात? कंपनीला विचारा, ती हजेरीपट काढून दाखवेल. युनियनला विचारा, ती त्यात ठेकेदारी कामगार मिळवेल. झालं, संपलं. पण सकाळी पाचला खाणीच्या गेटजवळ चुलीवर चहा ठेवणारी, ड्रायव्हर-क्लीनरांना डबे देणारी, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये चार घरची धुणीभांडी करणारी, टिप्परमधून पडलेले कोळशाचे तुकडे रस्त्यावरून वेचून पोत्याने विकणारी, सायडिंगवर झाडू मारणारी, ही सगळी त्याच कोळशावर जगते. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. खाण बंद झाली की हजेरीपटावरच्या माणसाची बदली होते. वेकोलिचे वणी, वणी नॉर्थ, माजरी, चंद्रपूर, बल्लारपूर असे पाच क्षेत्रीय कारभार आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत, एकीकडून दुसरीकडे माणूस पाठवता येतो. चहावालीची बदली कुठे करणार? तिला ना नोटीस, ना ग्रॅच्युइटी. एक दिवस गिऱ्हाईक येत नाही, हीच तिची नोटीस.

कोळसा वेचणाऱ्या बाईला तर आपण चोर म्हणतो. मी त्या कायद्याच्या वादात पडत नाही. रात्री टिप्परच्या टिप्पर कुठे वळतात ते या पोस्टच्या निम्म्या वाचकांना माहीत आहे, आणि गुन्हा मात्र डोक्यावर पोतं घेतलेल्या बाईवर दाखल होतो, एवढंच नोंदवून पुढे जातो.

बाया खाणीत आधीपासून नव्हत्याच, असं कोणाला वाटत असेल तर तेही चूक. इंग्रजांच्या काळात टोपल्यांनी कोळसा वाहायला नवरा-बायको दोघं खाली उतरायची. मग भूमिगत कामावर बायकांना बंदी आली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडायला लागला, तेव्हा १९४३ मध्ये आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडासह ती बंदी उठवली. युद्ध संपलं, १९४६ मध्ये परत लावली. गरज होती तेव्हा बाई खाली चालली, गरज संपली तेव्हा तिची काळजी वाटायला लागली. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या खाण कायद्याने तीच बंदी कायम ठेवली. रात्रपाळी आणि भूमिगत तांत्रिक कामं अटींसह खुली व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात राष्ट्रीयीकरण झालं, यंत्रं आली, टोपली गेली, टोपलीबरोबर बाई गेली. कोल इंडियात तर बायकांसाठी 'खास' स्वेच्छानिवृत्तीची योजनाही आली. आईने नोकरी सोडायची, मुलाने लागायचं. मुलगी नव्हे, मुलगा. आज कोल इंडियाच्या कायम कर्मचाऱ्यांत बायका शंभरात दहासुद्धा नाहीत. २०२१ मध्ये झारखंडात एक तरुणी इंजिनिअर म्हणून भूमिगत खाणीत उतरली, तर देशभराच्या पेपरात फोटो छापून आले. एका बाईने कामावर जाणं ही पहिल्या पानाची बातमी होते, यातच कळतं आपण कुठे आहोत.

म्हणजे कोळसा आला तेव्हा बाईला वाटा मिळाला नाही. आणि आता कोळसा जाताना 'ज्यांच्या नोकऱ्या जातील त्यांना भरपाई' असा नियम लावणार. ज्याची नोकरी होती त्याचीच जाणार ना! जिला कधी दिलीच नाही तिची जाणार कशी? सगळी गोम इथे आहे.

आणि जमिनीचं तर विचारूच नका. कोळशासाठी जमीन जाते ती बहुतेक १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. त्यावर ढोबळ हिशेब दोन एकराला एक नोकरी. आता नोकरी एक आणि वारस चार, त्यात दोन बहिणी. कागदावर बहिणीचा हक्क पक्का आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला, देशाने २००५ मध्ये दिला. पण भूसंपादनाची नोटीस निघाली रे निघाली की गावात एक धंदा जोरात चालतो : हक्कसोडपत्र. ज्या बहिणीला दहा वर्षांत भाऊबीजेला बोलावलं नाही तिला गाडी पाठवून तहसीलला आणतात. साडीचोळी, पाच-दहा हजार, आणि अंगठा. तिने नाही म्हटलं तर माहेर तुटलं. तिकडे भावाला कंपनीची नोकरी लागली, पगार कुठच्या कुठे गेला, आणि ही दुसऱ्याच्या वावरात निंदायला जातेय. भाऊ वाईट असतो असं मी म्हणत नाही. व्यवस्थाच अशी की एकच नोकरी टाकायची आणि चौघांना भांडायला लावायचं, आणि भांडणात हरणार कोण ते आधीच ठरलेलं. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत भावाने बहिणीच्या नावाने हक्कसोड लिहून दिल्याचं मला तरी कोणी दाखवलेलं नाही. असेल कोणाकडे तर पाठवा, पहिल्या पानावर छापायला लावतो.

याच महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला १९८६ मध्ये लाखांनी शेतकरी बाया जमवल्या होत्या, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. ज्यांना वाटतं की बाईचा सातबारा ही परदेशातून पैसे घेणाऱ्या संस्थांची भानगड आहे, त्यांनी आपल्या बापाला विचारावं. त्या काळात बिल्ला लावून फिरलेले पुष्कळ जण अजून हयात आहेत.

आता पुनर्वसनाच्या नावाखाली बाईला काय मिळतं ते बघा. शिलाई मशीन. मला या यंत्राशी वैर नाही. पण गावात घरं किती, कपडे किती शिवले जातात, रेडीमेडचा जमाना आहे का नाही, याचा विचार न करता प्रत्येक गावात तीस-तीस मशीन वाटायच्या, सोबत तीन महिन्यांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, पाहुण्यांच्या हातून वाटप, फोटो. नाहीतर पापड-लोणची. नाहीतर अगरबत्ती. नवऱ्याला आयटीआय, सोलर टेक्निशियन, ड्रायव्हिंग, बायकोला पापड. हे ठरवणारे कोण? बहुतेक वेळा ज्यांच्या घरी पापड विकत आणतात ते.

'बायांना ते टेक्निकल जमत नाही हो' असं मला एकदा एका साहेबांनी तोंडावर सांगितलं. राजस्थानात डुंगरपूरला आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने सौर दिवे आणि पॅनेल बनवायची कंपनी काढली, ब्रँडचं नाव 'दुर्गा'. तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात अक्षरओळख नसलेल्या आज्या सौर उपकरणं जोडायला-दुरुस्त करायला शिकल्या. राजस्थानच्या बाईचे हात वेगळे आणि आपल्या गोंडपिपरी-जिवतीच्या बाईचे वेगळे असं काही आहे का?

पण आपण सौरऊर्जेतही तेच करून ठेवतोय जे कोळशात केलं. छतावरच्या सौरऊर्जेच्या कंपन्यांचा २०१९ मध्ये अभ्यास झाला होता, त्यात बायका शंभरात अकरा निघाल्या. इकडे राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने द्यायला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू शेतकऱ्याला हा पैसा चांगला आहे, नाकारत नाही. पण भाडं जाणार सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्या खात्यात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बाया चौदा होत्या, म्हणजे भाडं कोणाला जाणार ते सांगायला नको. त्या वावरात निंदण, डवरणामागची कामं, कापसाची वेचणी करणाऱ्या दहा-बारा बाया असायच्या, त्यांना पॅनेलखाली काय काम? गवत कापायचं आणि काचा पुसायच्या, तेही ठेकेदाराकडून. जागा गायरानाची असेल तर आणखी वाईट, कारण गायरानावर शेळ्या कोणाच्या चरतात? ज्यांना वावर नाही त्यांच्या. सौर पंपाचंही तेच. 'मागेल त्याला पंप', पण मागायला सातबारा लागतो. मागेल 'त्याला' हे नाव सरकारने फार प्रामाणिकपणे ठेवलं आहे.

कोणी म्हणेल, शेती-खाण नाही तर जंगल आहे. आहे ना! २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सरपण, मोहफुलं, तेंदू, सगळ्याला बाईच जाते. गॅसची टाकी घरात आहे, उज्ज्वलाची, कोपऱ्यात उभी, वर कापड टाकलेलं. भरायला पैसे नाहीत म्हणून चूल आहे, आणि चुलीला सरपण नाहीतर वेचलेला कोळसा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. बाहेर ती हवा आणि घरात चुलीचा धूर, दोन्ही एकाच छातीत जातात. कमी उत्सर्जनाचं राजकारण करणाऱ्यांनी आधी ही छाती तपासावी.

आता पैशाचं बोलू, कारण सगळे शेवटी म्हणतात, 'कल्पना छान आहे भाऊ, पण पैसा कुठून येणार?'

पैसा बाहेरून यायला हवा, हे मी ठामपणे म्हणतो. आपला माणूस वर्षाला जेमतेम दोन टन कार्बन हवेत सोडतो, अमेरिकेचा चौदाएक टन. शंभर-दीडशे वर्षं धूर काढून श्रीमंत झालेल्यांनी आम्हाला उपदेश करू नये, बिल भरावं. २००९ मध्ये कोपनहेगनला म्हणाले, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. आकडा गाठला २०२२ मध्ये, तोही त्यांच्याच हिशेबाने, आणि त्यात बराच भाग कर्जाचा. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांनी १.३ लाख कोटी डॉलरची मागणी केली, पदरात पडलं ते २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जचं आश्वासन. भारताने तिथेच उभं राहून हरकत घेतली, बरोबर केलं.

दक्षिण आफ्रिकेचं बघा. २०२१ मध्ये ८.५ अब्ज डॉलर जाहीर केले कोळसा सोडण्यासाठी. टाळ्या झाल्या. नंतर कागद उघडले तर त्यातलं अनुदान शंभरात चारेक रुपये, बाकी बहुतेक कर्ज आणि हमी. २०२५ मध्ये अमेरिका त्यातून उठून निघूनही गेली. तिथे कोमाटी नावाचं कोळशाचं वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं. जागतिक बँकेने जवळपास ५० कोटी डॉलर मंजूर केले, सौर-पवन-प्रशिक्षण असा सगळा आराखडा. कायम कामगारांना कंपनीने दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं. पण ठेकेदारी कामगार, खोल्या भाड्याने देणारे, छोटे दुकानदार बसले. पुढच्याच वर्षी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगाला म्हणावं लागलं की गावाशी बोलणं आणि पर्यायी काम उभं करणं हे केंद्र बंद करण्याच्या खूप आधी व्हायला हवं होतं. कोमाटी हे नाव लक्षात ठेवा. घुग्गुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर यांपैकी कोणत्याही गावाचं उद्या कोमाटी होऊ शकतं. आणि तिकडे जर्मनीने स्वतःच्या कोळसा पट्ट्यांसाठी काय केलं? २०३८ पर्यंत ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद, कायदा करून. स्वतःच्या लोकांना अनुदान, आफ्रिकेला कर्ज. न्याय्य संक्रमणाचा न्याय सीमा बघून बदलतो.

तर बाहेरच्यांना जाब विचाराच. पण घरचं काय? हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश वाचा. २०१० पासून देशात प्रत्येक टन कोळशावर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने उपकर लागला. आधी ५० रुपये, वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी जमा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले तीस हजार कोटींहून कमी, आणि प्रत्यक्ष वापरले सुमारे १६ हजार कोटी. म्हणजे शंभरातले वीसही नाहीत. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा हा उपकर राज्यांची जीएसटी भरपाई करायला वळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरच काढून टाकला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. आपल्या खाणींतून निघालेल्या प्रत्येक टनावर हा पैसा गेला आहे. कोळसा पट्ट्यातल्या बाईच्या नावाने त्यातला एक रुपया वेगळा ठेवला का? राज्याच्या भरपाईला कोळसा चालतो, मग कोळशाच्या भरपाईला राज्य का चालत नाही?

दुसरा पैसा अगदी घराजवळ आहे : जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आला. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम, लिलावाने दिलेल्या नव्यांवर १० टक्के, आणि तो बाधित गावांसाठीच. मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्यापासून लिहिलं होतं की किमान ६० टक्के खर्च पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण, महिला-बालकल्याण, कौशल्य यांवर करायचा. आता तुमच्या गावाच्या वेशीवर जा आणि 'खनिज विकास निधीतून' असं लिहिलेला फलक वाचा. रस्ता आहे का, सभामंडप आहे का, हायमास्ट आहे का, की बायकांच्या कामाचं काही आहे? मला उत्तर माहीत आहे असं समजू नका. फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. आकडे आपोआप बोलतील.

तिसरा पैसा खाण बंद करण्याचाच. २००९ पासून कंपन्यांना खाणबंदीसाठी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवावी लागते, तेव्हाचा दर ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतला १ लाख. तो पैसा मुख्यतः खड्डे बुजवायला, कुंपणाला, झाडं लावायला. मातीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावायचं काम बाया करतात हे खरं, पण ठेकेदाराच्या मजुरीवर. ती रोपवाटिका, ते तळ्यातले मासे, ती परत मिळालेली जमीन बायकांच्या गटाला पट्ट्याने का देत नाही? खड्ड्यात साठलेलं पाणी कोणाचं, हे अजून ठरायचं आहे. ठरायच्या आधी बाईने हात वर केला तर बरं, नाहीतर तिथेही एखाद्या पुढाऱ्याची बोट फिरेल.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आपल्याच युनियनवाल्या मित्रांकडून : 'आधी कामगारांच्या नोकऱ्या वाचवू, बायकांचं नंतर बघू.' मित्रांनो, खाण बंद झाल्यावर घर कोण चालवतं? नवरा पानठेल्यावर बसून 'माझी बदली कुठे होते' याची वाट बघतो तेव्हा दुसऱ्याच्या वावरात जाऊन संध्याकाळची भाकरी कोण आणते? ती नंतरची नाही, तीच आधीची आहे. कामगाराची नोकरी आणि बाईचा वाटा या दोन मागण्या एकाच निवेदनात बसतात. कागदाला जागा कमी पडत असेल तर मी माझ्या खर्चाने दुसरं पान जोडतो.

शहरातल्या पर्यावरणवाल्या मित्रांनाही एक सांगणं. 'कोळसा ताबडतोब बंद करा' असा फलक पुण्यात धरायला सोपा आहे. त्याच दिवशी तुमच्या घरचा एसी कोणाच्या राखेवर चालतो तेही बघा. आमच्या गावात येऊन विचाराल तर राख नको असं बाया पहिल्या म्हणतील, कारण वाळत घातलेल्या धुण्यावर, वेचायच्या कापसावर ती त्यांनाच दिसते. पण राख गेल्यावर काय खायचं, हा प्रश्नही त्याच विचारतील. दोन्हीचं उत्तर घेऊन या, चहा आमच्याकडून.

२०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये बेलेमला हवामान परिषद झाली. कोळसा-तेल सोडायचा ठोस आराखडा काही निघाला नाही. पण न्याय्य संक्रमणासाठी यंत्रणा उभारायचं ठरलं आणि स्त्री-पुरुष समानतेचा नवा कृती आराखडाही मंजूर झाला. बेलेमचा कागद दिल्लीत येईल, दिल्लीचा मुंबईत, मुंबईचा जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि तिथे टेबलावर पाणी पिऊन झोपेल. त्याला उठवायचं काम आपलं.

म्हणून काही कामं सांगतो, करता येण्यासारखी. खाण किंवा वीजकेंद्राच्या दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर येत्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत एकच ठराव मांडा : खाण बंद होण्याआधी गावातल्या प्रत्येक घराची मोजणी, त्यात हजेरीपटावर नसलेल्या प्रत्येक बाईच्या कामाची नोंद, नावासकट. महिला सभा कायद्यात आहे, घ्यावीच लागते, रजिस्टरवर घरोघर फिरवून सह्या घेऊन 'झाली' म्हणत असतील तर तसं लिहून द्या. दुसरं, भूसंपादन चालू असलेल्या गावात हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी बहिणींनी वकिलाला एकदा दाखवा. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिसरं, सौर प्रकल्पासाठी गायरान मागणारा ठराव ग्रामसभेत आला तर शेळ्यावाल्या बायांना आधी बोलवा, मग हात वर करा.

खनिज निधीच्या गेल्या पाच वर्षांच्या गावनिहाय खर्चासाठी मी माहिती अधिकारात अर्ज तयार केला आहे. मसुदा इनबॉक्समध्ये मागा, पाठवतो. आपापल्या गावाचं नाव टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि द्या. एकट्याच्या अर्जाला ते तीस दिवस घेतात. पन्नास गावांतून पन्नास बायांच्या सहीने अर्ज गेले तर किती दिवस घेतात, ते बघू.